काका, आधी त्या पाटीचं बघू

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचकांनी लिहिलंय. वय ६३. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ३४ वर्षं हिशेब लिहिले, आता घरी असतात. घरात तेलुगू, शिक्षण मराठीत, इंग्रजी 'बिलापुरतं'. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप दिलाय. पुण्याच्या भाचीने '५० भन्नाट वेबसाइट' अशी यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी ती वहीत उतरवली आणि रोज दोन-तीन उघडून बघितल्या. काही बंद पडलेल्या निघाल्या, काही नुसती दुकानं होती, एकीने 'फुकट' म्हणत कार्डाचा नंबर मागितला. मग वही बाजूला पडली आणि फोनवरचे व्हिडिओ सुरू झाले. आता रोज तीन तास जातात आणि रात्री काय बघितलं ते आठवत नाही. मुलगा म्हणतो, "साइट-बिट सोडा, एआयला विचारा." बायको म्हणते, "या वयात हे कसले उद्योग?" त्यांचं मागणं साधं आहे: खरंच बघण्यासारख्या दहा साइट्स सांगा. आणि हा सगळा रिकामपणाचा उद्योग असेल तर तसं स्पष्ट सांगा.

---

नमस्कार काका,

(वयाने मोठे आहात, म्हणून काका म्हणते.)

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही कागद घेऊन दहा नावं लिहायला बसले. सातव्या नावावर हात थांबला, कारण ती सगळी माझ्या आवडीची होती. मला जुन्या रेल्वेचं वेड आहे. तुम्हाला त्यातली एखादी तरी आवडेल असं मी कशावरून धरून चालले होते? भाचीने तेच केलं. तिच्या यादीत पुण्यातल्या पंचविशीच्या मुलीला लागणाऱ्या गोष्टी असणार.

पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिसऱ्या पानावर कंसात लिहिलेली वाक्यं दिसली. तुम्ही लिहिलंय: "कारखान्यात कोपऱ्यात एक जुना माग पडून होता. त्यावर लोखंडी पाटी. वरचं नाव झिजलेलं, खाली ब्लॅकबर्न एवढं वाचता यायचं. हे गाव कुठे आहे ते बघायचं राहून गेलं."

काका, ३४ वर्षं तो माग तुमच्या डोळ्यांसमोर होता आणि अजून ती पाटी डोक्यातून गेलेली नाही. दहा साइट्स राहू देत, आधी या पाटीचं बघू.

पण त्याआधी याद्यांबद्दल एक सांगते, म्हणजे तुमची वही का फसली ते कळेल. इंटरनेटवर सुरुवातीला माणसांनी हाताने केलेल्या याद्याच होत्या. १९९४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोघांनी आपल्याला आवडलेल्या साइट्सची विषयवार यादी केली. त्याचंच पुढे याहू झालं. ती यादी २०१४ च्या शेवटी बंद झाली. स्टंबलअपॉन नावाची एक गंमत होती. बटण दाबलं की कुठल्या तरी अनोळखी पानावर नेऊन सोडायची. तीही २०१८ मध्ये मिटली. पानं रोज नवी येतात आणि जुनी मरतात. यादी आज केली तरी वर्षभरात तिला भोकं पडायला लागतात. फॉरवर्ड होत होत तुमच्यापर्यंत आलेली यादी किती वर्षांची होती कुणास ठाऊक! त्यामुळे बंद पानं निघाली यात तुमचं काही चुकलं नाही.

आता ब्लॅकबर्न. हे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं कापडाचं गाव. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की जसा मागांचा खडखडाट आठवतो, तसं. सुतकताईचं जेनी यंत्र करणारा जेम्स हारग्रीव्ज त्याच भागातला. गावात कापड विणलं जायचं, तसे मागही बनायचे. 'ब्रिटिश नॉर्थ्रॉप' ही मागांची मोठी कंपनी १९०२ पासून तिथलीच. तुमच्या पाटीवर तेच नाव होतं असं मी म्हणत नाही, गावात माग बनवणारे बरेच होते.

'ग्रेसेस गाइड' नावाची एक साइट आहे. ब्रिटनमधल्या जुन्या कारखान्यांची जंत्रीच म्हणा ना. कोण कुठे होता, काय बनवायचा, कोणत्या साली कुणात विलीन झाला, आणि कित्येकांच्या जुन्या जाहिरातींचे फोटोही. दिसायला अगदी साधी. पण तुमच्यासारख्या माणसाने गावाचं नाव टाकून 'लूम' शब्द शोधला तर संध्याकाळचा चहा गार होईल. पत्ते, भागीदार, सालं. हिशेब लिहिणाऱ्याला यात काय रस वाटतो ते मला नव्याने सांगायला नको.

आणि तिथून वाट फुटते. ब्लॅकबर्नला लागून डार्वेन नावाचं गाव आहे. गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये मुद्दाम तिथे गेले होते. आपल्याकडच्या बहिष्काराने तिथल्या गिरण्यांचं काम घटलं होतं, आणि ज्यांची कामं गेली त्यांनाच ते भेटायला गेले. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत, असा एक फोटो आहे. तो शोधा. आणि बघताना हेही मनात असू द्या की त्याच वर्षी १२ जानेवारीला आपले सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले होते. त्यांच्या चार पुतळ्यांजवळून आपण रोज जातो. कारखान्यातल्या पाटीवरून तुम्ही तिथवर पोचलात, आणि यातलं कुठलंच पान भाचीच्या यादीत असण्याची शक्यता नव्हती.

तुम्ही लिहिलंय, "चांगलं सगळं इंग्रजीत, आपल्याला कुठलं जमायला." निम्मं खरं आहे. लॅपटॉपवर क्रोममध्ये पानावर उजवं बटण दाबलं की भाषांतराचा पर्याय येतो, त्यात मराठी आहे, तेलुगूही आहे. भाषांतर कामचलाऊ असतं. रेल्वेच्या एका पानावर रुळांखालच्या स्लीपरचं 'झोपणारे' झालेलं मी वाचलंय. अर्धा तास मला कळेना, रुळाखाली कोण झोपलंय! पण विषय आपला असला की असल्या चुका चालून जातात. मागाचे भाग तुम्हाला तोंडपाठ आहेत, यंत्राने काहीही लिहिलं तरी तुम्हाला अर्थ लागेल. बिलापुरतं इंग्रजी आणि धंद्याची पुरेपूर माहिती, एवढ्या शिदोरीवर पुष्कळ लांब जाता येतं.

आणि निम्मं खोटं अशासाठी की मराठीतही आहे, आपण तिकडे फिरकत नाही. मराठी विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभा केलेला, १९७६ मध्ये पहिला खंड निघालेला. तो आता घरबसल्या फुकट वाचता येतो. विणकामावर शोधून बघा. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने शब्दकोश एका साइटवर ठेवलेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मागाचा 'धोटा' शब्द देवनागरीत टाइप करा आणि काय येतं बघा. मग फणी, ताणा, वही (मागाची, कागदाची नव्हे) असे एकेक शब्द. मी एकदा नुसता 'चादर' शब्द बघायला गेले आणि रात्रीचा एक वाजला.

माझ्या वेडाचंही सांगून टाकते, कारण वाट कशी फुटते हे त्यातून नीट दिसेल. माझे आजोबा कुर्डुवाडीहून बार्शीला छोट्या गाडीने जायचे. त्या गाडीचं खूळ डोक्यात होतं, म्हणून मी 'बार्शी लाइट रेल्वे' शोधली. १८९७ ची, अडीच फुटी रुळांची. पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढलेली. ती उभी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. त्याच्या नावावर गेले, तर कळलं की बार्शीचा अनुभव घेऊन त्याने इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तशीच अडीच फुटी रेल्वे केली, १९०४ मध्ये. ती १९३४ ला बंद पडली आणि आज त्या मार्गावरून लोक पायी आणि सायकलने फिरतात. त्या वाटेचे फोटो बघितले. हिरवेगार डोंगर, आणि मला आठवत होता आपला बार्शीकडचा उन्हाळा! अजून पुढे गेले तर हा गडी पॅराशूटकडे वळलेला. रोल्स-रॉइसमधला रोल्स त्याचा मित्र. तो १९१० मध्ये विमान कोसळून गेला, आणि त्यानंतर कॅलथ्रॉपने 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. बार्शीच्या गाडीवरून निघून मी पॅराशूटपाशी पोचले. हे मला कुणी 'भन्नाट साइट' म्हणून सांगितलं असतं तर मी उघडलंही नसतं.

या भटकंतीत तीन-चार युक्त्या कळल्या, त्या तुमच्यासकट सगळ्याच वाचकांच्या कामाच्या आहेत.

पहिली आपल्या गावाची. जुनं काही शोधायचं तर इंग्रजीत आजचं सोलापूर लिहून भागत नाही. साहेब 'शोलापूर' लिहायचा, एस नंतर एच. त्या एका अक्षराने वेगळंच कपाट उघडतं. १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर, त्याचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा, त्यात तेव्हाच्या बाजारपेठा, विणकर, दुष्काळ सगळं आहे, पण ते शोलापूर या नावाखाली. जुनी पुस्तकं आणि पानं साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर अख्खा खंड पानापानाने चाळता येतो.

दुसरी, दोन शब्द मिळून एकच नाव असेल तर ते अवतरणचिन्हांत टाका. नाहीतर गुगल एक शब्द इथला आणि एक तिथला पकडून आणतं. सरकारी कागदच हवा असेल तर इंग्रजीत 'साइट' लिहून पुढे विसर्गासारखी दोन टिंबं द्या आणि जागा न सोडता जीओव्ही डॉट इन लिहा. मग जाहिरातवाले आपोआप गळतात.

तिसरी मला सगळ्यात आवडते. विकिपीडियाचा लेख वरून वाचू नका, तळातून वाचा. खाली संदर्भ आणि बाह्य दुवे असतात. कुणीतरी निवृत्त इंजिनिअर, कुठल्यातरी गावचं छोटं संग्रहालय, एखाद्या वेड्याने वीस वर्षं खपून केलेलं पान, ही मंडळी तिथे भेटतात. गुगलच्या पहिल्या पानावर यांना जागा मिळत नाही, तिथे विकणारे पुढे असतात. अशीच साधी, बिनविक्रीची पानं शोधून देणारं 'मार्जिनेलिया' नावाचं शोधयंत्र एका स्वीडिश माणसाने चालवलंय. मुख्यतः इंग्रजी पानांचं आहे, पण नॅरोगेजसारखे शब्द टाकले की खजिना आहे.

आणि चौथी इंटरनेटच्या बाहेरची आहे. सकाळी तळ्याला फेरी मारायला जात असाल तर बरोबरच्या प्रत्येकाला विचारा, "तुम्ही कामासाठी रोज कुठली साइट उघडता?" मनोरंजनाची नको, कामाची. द्राक्षबाग असलेला हवामानाची सांगेल, रेल्वेतून निवृत्त झालेला गाड्यांची, पक्ष्यांवाला नान्नजच्या माळावर कुणाला काय दिसलं त्याच्या नोंदींची ई-बर्ड. माणसाच्या पोटाशी किंवा वेडाशी बांधलेली साइट सहसा फालतू निघत नाही.

आता काकूंचा प्रश्न. या वयात कसले उद्योग. खरं सांगू? त्यांचा राग साइट्सवर असेल असं मला वाटत नाही. तुम्ही तीन तास पाठ करून बसता आणि उठल्यावर सांगण्यासारखं काही नसतं, यावर असावा. त्यांचं माहेर हैदराबादकडचं असं तुम्ही लिहिलंय. 'रेडिओ गार्डन' उघडा. पृथ्वीचा गोळा दिसतो, त्यावर हिरवे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर त्या गावातलं रेडिओ केंद्र चालू असतं. गोळा फिरवायचं काम काकूंना द्या. आधी हैदराबाद लावा, मग त्या नेतील तिकडे जा. आफ्रिकेतल्या कुठल्या शहरात या क्षणी कोण काय गातंय हे ऐकत ज्वारी निवडायला काय हरकत आहे?

याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर सांगा, काही नाही. सातबारा, वीजबिल, रेल्वेचं तिकीट या उपयोगी साइट्स तुम्हाला येतातच, त्या मी मुद्दामच सांगत बसत नाही. बिनउपयोगाच्या अजून दोन घ्या. 'अर्थ नलस्कूल' या पानावर साऱ्या जगातलं वारं रेघांनी वाहताना दिसतं, दर तीन तासांनी ताजं होतं. जूनमध्ये बघा, अरबी समुद्रावरून सुसाट आलेल्या रेघा सह्याद्रीला भिडतात. डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊस पाडून मोकळ्या होतात, म्हणून आपल्या वाट्याला कोरडं वारं. चौथीच्या भूगोलात पाठ केलेलं पर्जन्यछायेचं वाक्य तेव्हा समोर हलताना दिसतं. आणि नील अगरवाल या तरुणाचं 'डीप सी' हे पान. बोटाने खाली सरकत जायचं, समुद्र खोल होत जातो, कुठल्या मीटरला कोणता मासा ते दिसत राहतं. नातवंडं आली की लावा. तळ दहा हजार मीटरच्या खाली आहे, बोट दुखतं.

वही मात्र सोडू नका. फक्त ती यादीसारखी लिहू नका, तुम्हाला येते तशी लिहा: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत तारीख, कुठून कुठे गेलो, काय मिळालं, आणि कुणामुळे पोचलो. हा शेवटचा रकाना विसरू नका. ज्या पानाने तुम्हाला दोनदा चांगल्या जागी नेलं, त्या पानाचे सगळे दुवे चाळायचे. खतावणीत विषयवार खाती: माग, सोलापूर, तेलुगू, काकूंचं खातं वेगळं. महिनाअखेर ताळा घ्या. बंद पडलेली साइट असेल तर लगेच काट मारू नका. इंटरनेट अर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' आहे, १९९६ पासूनची पानं तिथे साठवलेली आहेत. मेलेला पत्ता तिथे टाकला की कित्येकदा जुनं पान जसंच्या तसं उघडतं. भाचीच्या यादीतल्या बंद निघालेल्याही एकदा तिथे टाकून बघा. एखादी खरंच भन्नाट असेल.

मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एआयला जरूर विचारा. "लँकेशायरमधल्या मागांच्या इतिहासावर कुठली संग्रहालयं आहेत?" असा नेमका प्रश्न असला की ते चांगली नावं देतं. पण त्याने दिलेला प्रत्येक पत्ता स्वतः उघडून बघा, कारण ते कधी कधी नसलेली पानंही आत्मविश्वासाने सांगतं. माझ्या बाबतीत दोनदा झालंय. शिवाय ते विचारलेल्याचंच उत्तर देतं. डार्वेनचा फोटो तुम्ही विचारला नव्हता.

कार्डाच्या नंबराचं तुम्ही बरोबर केलंत, दिला नाहीत. मी एकदा दिला होता, 'सात दिवस फुकट' म्हणून, आणि पुढचे चार महिने पैसे जात राहिले. वाचायला-बघायला म्हणून उघडलेल्या पानाला कार्ड, ओटीपी, आधार काहीही द्यायचं नाही. 'नोटिफिकेशन चालू करा' म्हणालं की नकार. पानाच्या मध्ये मोठ्ठं हिरवं डाउनलोड बटण दिसलं तर ते बहुतेक जाहिरातीचंच असतं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन.

आणि फोनवरचे तीन तास एकदम सोडायची शपथ घेऊ नका, मोडेल. जेवणानंतरचा पाऊण तास लॅपटॉपला द्या, टेबलावर, वही उघडी ठेवून. बाकी होईल तसं होईल.

आता पाटी. तुमचा कुणी जुना सहकारी अजून कारखान्यात असेल आणि तो माग भंगारात गेला नसेल, तर त्याला सांगा, पाटी आधी कोरड्या फडक्याने पुसून तिच्यावर पांढरा खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरव. उठावाची अक्षरं असतील तर खडू अक्षरांवरच बसतो. मग दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च समोरून न लावता बाजूने, अगदी पाटीला चिकटवून धर, आणि फोटो काढ. झिजलेल्या नावातली तीन अक्षरं जरी लागली तरी मला कळवा, ग्रेसेस गाइडमध्ये आपण दोघंही शोधू.